बहादूर हे आडनाव नव्हे

खडवलीला घर बांधायचं हे ह्यांचं फार जुनं वेड. २००८ साली ते पुरं झालं आणि आम्ही डोंबिवलीची जागा सोडून इकडे आलो, तेव्हा माझ्या बहिणीनं कपाळाला हात लावला होता. "अगं, तिथं लोक सहलीला जातात. राहायला कोण जातं?" तिचंही खोटं नव्हतं. रविवारी सकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून टिटवाळ्याला गणपतीची माणसं उतरली की पुढच्याच आमच्या स्टेशनवर भातसा नदीत डुंबायला आलेली पोरंटोरं उतरतात, आणि त्यांच्यामधून पिशव्या सावरत आम्ही चार रहिवासी. आमच्या कॉलनीत चौदा बंगले. त्यांतल्या अकरांची कुलपं शनिवार-रविवारी उघडतात. एरवी सोबत म्हणायची ती मोरांची, आणि गेटावरच्या नेपाळी चौकीदाराच्या कुटुंबाची.

चौकीदाराला आम्ही सगळे बहादूर म्हणायचो. म्हणजे आधीचाही बहादूर, हाही बहादूर. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीतही बहादूरच होता की!

२०११ च्या मे महिन्यात बहादूर गावाहून बायकोला आणि धाकट्या मुलीला घेऊन आला. थोरल्या दोघी तिकडेच राहिल्या होत्या, आणि पुढं सोळा-सतराव्या वर्षी त्यांची लग्नंही तिकडेच झाली. ही धाकटी म्हणून कान्छी. नेपाळीत थोरलीला जेठी, मधलीला माइली आणि शेंडेफळाला कान्छी म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं तेच तिचं नाव. सहा वर्षांची पोर, गाल थंडीनं तडकलेले, आणि खडवलीच्या मे महिन्यात घामानं चिंब झालेली! माझ्या ओट्यावर बसून तिनं पाठोपाठ तीन पेले पन्हं प्यायलं आणि आमची ओळख झाली.

जूनमध्ये मीच तिला शाळेत घेऊन गेले. जन्माचा दाखला नव्हता. पण शिक्षणहक्काचा कायदा वर्षभरापूर्वीच, १ एप्रिल २०१० पासून, लागू झाला होता आणि वयाच्या पुराव्यावाचून मुलाला शाळा नाकारता येत नाही एवढं मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. ते मी मुख्याध्यापकांना असं काही ऐकवलं की त्यांनी निमूटपणे फॉर्म पुढं सरकवला. मी तो तिथल्या तिथं भरला. मुलीचं नाव आईनं सांगितलं. त्यापुढं आपल्या रीतीप्रमाणे वडिलांचं नाव. आडनाव? बहादूर. पेनाचं टोपण लावताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन ह्यांना म्हटलं, "एका मुलीचं आयुष्य मार्गाला लावून आले."

मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. बारा वर्षांनी ते माझ्याच तोंडावर येऊन आदळलं.

त्या मधल्या काळात गेटावर जे चालायचं ते मी स्वैपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. वर्ष-दोन वर्षांनी एखादा नवा मुलगा यायचा. कुणी पुतण्या, कुणी मेव्हणा, कुणी नुसता गावचा. पंधरा दिवस, महिना बहादूरच्या खोलीत राहायचा आणि मग दिसेनासा व्हायचा. सुरुवातीला आम्ही कुरकुर करायचो, की एका पगारात हा गावभर माणसं पोसतो. मग एकदा ध्यानात आलं, अहो, ही तर शाळा आहे! दिवसा त्या मुलाला बहादूर प्रत्येक बंगल्यापुढून फिरवायचा. मोटर किती वाजता लावायची, टाकी भरल्याचा आवाज कसा ओळखायचा, कुठल्या साहेबांच्या गाडीसाठी गेट आधीच उघडून ठेवायचं नि कुठल्यांना हॉर्न वाजवल्याशिवाय चैन पडत नाही, कुणाच्या बाईंशी बोलताना मान खाली घालायची. गाड्यांचे नंबर पाठ करून घ्यायचा. अगदी पाढ्यांसारखे! रात्री काठी कुठं कुठं आपटायची तेही. आणि मुख्य म्हणजे पहाटे गाड्या पुसायच्या, कारण पगार पोटाला जातो आणि गाड्या पुसल्याचे पैसे गावी जातात. हिंदी बोलता येईना तोवर मुलाला एकट्याला गेटावर उभं करायचा नाही. मग कुठं ठाण्याला, कुठं बदलापूरला जागा झाली की स्वतः नेऊन पोचवायचा आणि तिथल्या सेक्रेटरीला सांगायचा, "मेरा भाई है, मेरी जिम्मेदारी."

सगळेच काही फुकट नव्हतं बरं का. एकदा बोलता बोलता त्यानं सांगितलं की आमचा गेट मिळवताना त्यानं आधीच्या बहादूरला दोन महिन्यांचा पगार मोजला होता. आमच्या गेटाची विक्री, आणि आम्हालाच पत्ता नाही! मला राग आला. हे मात्र हसत सुटले. "आमचे अण्णा गिरणीत लागले ते काय जाहिरात वाचून?" म्हणाले. माझे सासरे रत्नागिरीकडून मुंबईला आले, लालबागच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीवर वळकटी टाकून राहिले. गावच्याच एका जॉबरनं त्यांना गिरणीत बदली कामगार म्हणून उभं केलं, साच्यावर हात बसवून घेतला आणि पहिल्या पगारातून आपला वाटा कापून घेतला. तरी सासरे त्या माणसाचं नाव हात जोडून घ्यायचे. बहादूरही गावी जाताना गेटावर 'बदली'च ठेवून जायचा. शब्दसुद्धा तोच! तेव्हापासून मी कुरकुर बंद केली, पण मनात एक आलंच. अण्णांना गिरणी दाखवणाऱ्यानं त्यांना गिरणीच दाखवली. दुसरं काही त्यालाच ठाऊक नव्हतं. बहादूरच्या शाळेतूनही आजवर चौकीदार बाहेर पडले. फार तर गाडीवर चायनीज करणारा एखादा आचारी.

आपण सर्रास 'गुरखा' म्हणतो त्याबद्दलही इथंच सांगते. गोरखा हा नेपाळच्या मध्यावरचा जिल्हा. आमचा बहादूर अछामचा, म्हणजे पार पश्चिमेकडच्या डोंगरातला. मुंबई-ठाण्याकडचे पुष्कळ चौकीदार तिकडचेच: अछाम, डोटी, बझांग, बाजुरा. त्यांना गुरखा म्हणणं म्हणजे महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्यांना सातारकर म्हणण्यासारखं आहे. डोंगरातली शेती वर्षाला पुरत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घरातला एक पुरुष हिंदुस्थानात असतो. १९५० च्या तहामुळे त्यांना इथं राहायला नि कामधंदा करायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. १९९६ ते २००६ तिकडे माओवाद्यांचं युद्ध पेटलं होतं, तेव्हा तर गावंच्या गावं खाली उतरली. आमचा बहादूर त्यातलाच, २००१ चा.

कान्छी मात्र गेटाच्या शाळेतली नव्हती. ती माझ्या शाळेतली. चार वाजता शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट माझ्या ओट्यावर. मराठी इतकी लख्ख बोलायला लागली की 'च' आणि 'ज' चे दोन्ही उच्चार माझ्या मुंबईच्या नातवापेक्षा तिचे बरे. भोंडल्याची गाणी तिला पाठ. दिवाळीच्या सुमारास त्यांची तिहार असते, तेव्हा तिची आई तांदळाच्या पिठाची कड्यासारखी गोल सेल रोटी तळून आणायची आणि मी चकल्या द्यायची. भाऊबीजेला तीसुद्धा भावाला ओवाळायची, फक्त कपाळावर टिळा सात रंगांचा. दहावीची परीक्षा २०२१ साली करोनानं रद्दच झाली, तिला त्याचंच वाईट वाटलं. मग कल्याणला अकरावी-बारावी, सायन्स. २०२३ च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि तिनं पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला.

नर्सिंगचं कुणी काढलं? खरं सांगायचं तर दोघींनी. माझ्या आजारपणात २०१९ साली तिनं जे केलं ते पाहून मी म्हटलं होतं, ही पोर उत्तम नर्स होईल. आणि तिलाही आवड होती, हे नक्की. पण त्यात माझंही एक जुनं होतं. १९७७ साली मला नर्सिंगला जायचं होतं आणि आमच्या घरी 'परपुरुषाचं अंग पुसायचं काम' म्हणून ते दारातच थांबलं. तेव्हा कान्छीच्या फॉर्मच्या मागं मी ज्या उत्साहानं लागले त्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांची वाफ होती. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवी, ती होती. चार वर्षांची बीएस्सी की तीन वर्षांचं जीएनएम यावर मी ह्यांच्याशी जेवताना वाद घातले. कान्छी ऐकत असायची. बोलायची कमी. मला वाटायचं, नम्र आहे.

फॉर्मबरोबर एक दाखला लागतो. आपण त्याला सवयीनं डोमिसाइल म्हणतो. त्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' आहे, हे माझ्या मुलांच्या वेळी मी दोनदा वाचलं असेल, पण मधल्या शब्दावर कधी नजर अडखळली नव्हती. दाखल्यासाठी गेलो तिथल्या बाईंनी कागद चाळले आणि शांतपणे विचारलं, "राष्ट्रीयत्व?"

मी म्हटलं, "बारा वर्षं इथं शिकलीय हो ती."

"ते ठीक. पण वडील नेपाळचे ना? मग हा दाखला नाही मिळणार. हिचं नेपाळचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र कुठाय?"

ते नव्हतं. बहादूरचं स्वतःचं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं मला ते दाखवलं. नेपाळीही आपल्याच लिपीत लिहितात, त्यामुळे मला सहज वाचता आलं. आणि वाचताना माझे हातपाय गार पडले. बहादूर हे त्याचं मधलं नाव होतं. आडनाव वेगळंच होतं. (ते मी इथं देत नाही. त्या मुलीच्या कागदांचं आधीच पुष्कळ झालंय.)

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

तो म्हणाला, "काकू, बहादूर तो सबका नाम है. किसी ने पूछा नहीं."

म्हणजे पहिलीच्या फॉर्मपासून बारावीच्या गुणपत्रिकेपर्यंत कान्छीचं आडनाव चूक, आणि ते चूक करणारी मी. उद्या तिकडे जाऊन ती नागरिकत्व मागायला गेली तर बापाच्या नि मुलीच्या कागदावर दोन आडनावं. रात्रभर झोप लागली नाही. त्याहून वाईट पुढंच होतं. दुसऱ्या दिवशी कान्छी आली तेव्हा मी तिला म्हटलं, "तुला तरी आडनाव ठाऊक होतं ना?" तर म्हणाली, "हो. दहावीचा फॉर्म भरतानाच कळलं होतं. नागरिकता लागेल हेही एका मैत्रिणीनं सांगितलेलं. पण काकू, तुम्ही इतक्या खुशीत होता. कसं सांगू?"

प्रवेशाच्या तारखा गेल्या. वर्ष गेलं. आणि मुलीचं एक वर्ष जाणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. बहादूरनं बायकोला सांगून टाकलं की यंदा दसैंला गावी जायचं आणि स्थळ बघून यायचं. नेपाळात लग्नाचं कायद्यानं वय वीस आहे, हे मी त्याला ऐकवलं. तो नुसता हसला. वीस व्हायला किती राहिलं होतं?

तेव्हा कान्छीच्या आईनं, बारा वर्षांत प्रथमच, मला काहीतरी करायला सांगितलं. म्हणाली, "काकू, शनिवारी टिटवाळ्याला चला. दीदीकडे."

या दीदी पन्नाशीच्या. कल्याण-डोंबिवलीत घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कामं त्यांनी वीस वर्षं केली, आता गुडघ्यांमुळे नव्या बायकांना कामं मिळवून देतात. चाळीतली दोन खोल्यांची जागा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथं वीसेक बायका जमतात, कारण त्यांची ढुकुटी असते. ढुकुटी म्हणजे आपली भिशी हो! प्रत्येकीनं हजार टाकायचे आणि पाळीपाळीनं एकीनं सगळे उचलायचे. पैशांचा व्यवहार दहा मिनिटांत होतो. नंतरचे दोन तास असतात ते खरे. चहाचे पेले फिरतात, आणि एकेक बाई पुढं सरकून विचारते: मुलाला दहावीनंतर काय, नवऱ्याला दुबईचा एजंट पैसे मागतोय ते द्यावे का, ब्यूटी पार्लरचा कोर्स करू का.

दीदींच्या मांडीवर एक दोनशे पानी वही असते. कोपरे मळलेले, पाठीला कापडी पट्टी. त्यात कुणाची मुलगी कुठं शिकली, कुठल्या कागदावर अडली, तो कागद कुणी कसा मिळवला, आता ती कुठं आहे नि तिचा फोन नंबर काय, हे सगळं. हस्ताक्षर गिचमिड, पण पान बरोबर सापडतं. मी आयुष्यभर सल्ले दिले, शिकवण्या घेतल्या, पण अशी वही ठेवायचं मला सुचलं नाही. मला वाटायचं, आपण हुशार, मुलगी हुशार, मग अडतंय काय?

आणि त्यांची विचारण्याची रीत! मी कुठल्याही मुलाला पहिलं विचारते, "तुला काय व्हायचंय?" दीदींनी कान्छीला ते विचारलंच नाही. पहिला प्रश्न, नागरिकता आहे का. नाही. मग सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का. नाही. (इथं मी खाली बघितलं.) मग पैसे किती महिन्यांचे आहेत. आणि मग, ज्या गावाला शिकायला जाशील तिथं आपलं कोण आहे. हे चार प्रश्न झाल्यावर त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "हं, आता सांग, काय करायचंय?"

मला वाटलं होतं त्या मला बोलतील. बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बहादूरवाले माझ्या वहीत अकरा आहेत. तुम्ही बारावी." म्हणजे अकरा मुलांचं हेच झालेलं, वेगवेगळ्या शाळांतून, वेगवेगळ्या भल्या माणसांच्या हातून! त्यावरचा उपायही वहीत होता. गावच्या वडा कार्यालयातून सिफारस घ्यायची, बापाची नागरिकता जोडायची, आणि इथल्या शाळेची दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत असं प्रतिज्ञापत्र. सोळा पूर्ण झाली की जिल्हा प्रशासन कार्यालयात अर्ज करता येतो. इथंच जन्मलेल्या तिच्या धाकट्या भावालाही हेच करावं लागणार, कारण आईबाप दोघंही नेपाळचे असले की नुसतं कल्याणात जन्मून भारताचं नागरिकत्व मिळत नाही. हे मला त्या खोलीत, गॅसवर चहा उकळत असताना कळलं.

नर्सिंगचं पान दीदींनी स्वतः वाचून दाखवलं. डोटीची एक मुलगी धनगढीला शिकून तिकडेच लागली. दोघी बंगळूरला गेल्या. तिथल्या खासगी कॉलेजांत नेपाळच्या मुली पुष्कळ असतात. त्या दोघींपैकी एक एजंटाच्या नादानं अशा ठिकाणी अडकली की कॉलेजला मान्यताच धड नव्हती, दोन वर्षं फुकट गेली. म्हणून त्या पानावर लाल शाईनं लिहिलेलं: पैसे भरण्याआधी इंडियन नर्सिंग काउन्सिलची आणि कर्नाटकाची यादी बघणे, पुढं नेपाळात परतायचं झालं तर तिथल्या काउन्सिलची परीक्षा द्यावी लागते, तेव्हा हे कॉलेज तिथं चालतं का तेही विचारणे. कान्छीची आई धनगढीला नको म्हणाली. घराकडे गेली की सासर-माहेरची माणसं बोलावणार, आणि तिच्या लहानपणी पाळीच्या दिवसांत गोठ्याशेजारच्या छाउ झोपडीत काढलेल्या रात्री ती विसरलेली नव्हती. २०१७ साली त्याविरुद्ध कायदा झालाय, पण आईच्या मनातून ती झोपडी गेलेली नाही.

दीदींना मी जाताना म्हटलं, "तुमच्या माणसांत केवढी एकी आहे." त्यांना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "एकी आहे, म्हणूनच तर सगळे गेटावर आहेत. माझा भाचा गणितात शंभरातले नव्वद आणायचा. मामाचा एक गेट रिकामा झाला, झालं, उभा केला. कुणी वाईट नव्हतं त्यात." वही मिटून त्यांनी ती पदरानं पुसली.

ऑक्टोबरात बापलेक निघाले. दीदींच्या सांगण्यावरून बहादूरनं स्थळाचं तूर्त मागं ठेवलं होतं, निदान तसं म्हणाला तरी. ३ ऑक्टोबर २०२३ ला बझांगला भूकंप झाला, शेजारच्या अछामातही घरं हादरली, बहादूरच्या भिंतीला तडे गेल्याचा फोन आला. मला धास्ती वाटली की आता सगळे पैसे भिंतीतच जाणार. कल्याणहून पुष्पकनं लखनौ, मग पलियावरून गौरीफंटाची हद्द ओलांडून धनगढी, तिथून डोंगरातली बस. दसैंच्या सुट्टीत कचेऱ्या बंद, म्हणून सण उलटून गेल्यावरही दोन आठवडे थांबावं लागलं. आमच्या गेटावर बदली होता. मी रोज त्याला विचारायची, "फोन आला?" हे म्हणाले, "स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणातसुद्धा इतके फोन केले नव्हतेस."

कान्छी परत आली ती काळवंडलेली, पण पर्समध्ये नागरिकता घेऊन. खरं आडनाव. तिनं मला तो कागद मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. ती हसली नाही, नुसती ऐकत होती.

पैशाचं काय झालं ते सांगायला हवं. बहादूरनं बारा वर्षांत जे साठवलं होतं ते मुलासाठी होतं, मोठा झाला की ठाण्याकडे एखादा चांगला गेट घेऊन द्यायला. ते मोडायचं का, यावर त्या खोलीत आठवडाभर भांडण चाललं. मला ऐकू यायचं, भाषा कळायची नाही. मध्ये बोलायला जावं असं दहादा वाटलं आणि गेले नाही. शेवटी कान्छीच्या आईनं ढुकुटी आपल्या पाळीआधी उचलली (दीदींनी दुसऱ्या दोघींना समजावलं) आणि ते पैसे नवऱ्यापुढं ठेवून म्हणाली, उरलेले तुम्ही घाला. एवढंच मला नंतर कळलं. त्यानं घातले. भिंतीचे तडे अजून तसेच आहेत.

२०२४ च्या पावसाळ्यात कान्छी उद्यान एक्सप्रेसनं बंगळूरला गेली. स्टेशनवर उतरून घ्यायला दीदींच्या वहीतलीच एक मुलगी आली होती. मान्यतेची यादी तिघींनी तीनदा पाहिली होती. मी भरलेल्या डब्याव्यतिरिक्त काही दिलं नाही. चुकीच्या आडनावाचं प्रतिज्ञापत्र तिला अजून ठिकठिकाणी दाखवावं लागतं, तसा फोन येतो. दर वेळी ती हसून सांगते आणि दर वेळी मला टोचतं.

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी मीही टिटवाळ्याला जाते. मराठीतले अर्ज, शाळांचे फॉर्म लिहून देते. कचेरीतल्या माणसाशी फोनवर जरा चढ्या आवाजात बोलायचं असेल तर तेही माझ्याकडे. सल्ला द्यायला तोंड उघडलं की दीदी नुसतं बघतात. मागल्या खेपेला वासिंदच्या गेटावरचा एक तरुण बाप पाच वर्षांच्या मुलाचा पहिलीचा फॉर्म घेऊन आला. मी नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं आणि थांबले.

"आडनाव?"

"बहादूर," तो म्हणाला.

सगळ्या बायका हसायला लागल्या. तो बिचारा गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. मी पेन खाली ठेवलं आणि त्याला नागरिकता आणायला खोलीवर परत पाठवलं. पुढची कसारा लोकल पाऊण तासानं होती, तोवर मुलगा माझ्याजवळ बसून दीदींचे शेंगदाणे संपवत होता.